हाळीला ओ देणारा पुंजाराम

माझं वजन सांगितलं की लोक हसतात, म्हणून आधी मीच हसून घेतो. ऐन पंचविशीत, भिजलेल्या कपड्यांसकट, मी पंच्याण्णव पौंड भरायचो. जुन्या जालन्यात आमच्या गल्लीतले कापडवाले मला चिडवायचे, "मार्तंडराव, आज वारा सुटलाय, खिशात दोन वजनं टाकून निघा." राग मात्र माझा अंगाच्या चौपट, आणि तोंड त्याहून मोठं. हलकं अंग आणि मोठं तोंड, एवढ्या दोन गुणांवर मला हैदराबादच्या तलावावर शर्यतीच्या होडीत सुकाणू धरायला बसवलं, आणि म्हणूनच पुंजारामची गोष्ट सांगायचा हक्क माझा. शर्यतीच्या होडीत वल्हवणारे चौघं जिकडं जायचं तिकडं पाठ करून बसतात. एकटा सुकाणूवाला समोर तोंड करून बसतो. पुंजाराम चौघांत पहिला, म्हणजे माझ्या अगदी गुडघ्याला गुडघा. पाच वर्षं मी त्याचं तोंड पाहिलं आणि त्यानं माझं. बायकोचंही मी इतकं पाहिलं नसेल.

पन्नास सालच्या हिवाळ्यात बांधकाम खात्यानं पुलाच्या कामासाठी गंगेच्या पाण्याची खोली मोजायला एक तुकडी पाठवली. आमच्याकडं गोदावरीला गोदावरी कुणी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. मी त्या तुकडीचा हजेरी-कारकून. साहेब होते श्रीपतराव, तरुण इंजिनियर आणि हैदराबादच्या एका बोट क्लबाचे कॅप्टन. माणूस चांगला, पण होडी सोडून दुसरं काही बोलता येत नसे. कुंभार पिंपळगावच्या खालच्या अंगाला गंगाकाठी एक उतार आहे, तिथं आमचे तंबू पडले. अलीकडं नावाड्यांची सात-आठ घरांची वस्ती, पलीकडं बीड जिल्हा.

पहिल्याच दिवशी आम्ही चहा पीत बसलो होतो. पैलतीरावरून नाव निघाली. चौदा माणसं, दोन शेळ्या, ज्वारीची पोती, आणि वल्हवणारा एकटा गडी, पुढं तोंड करून उभा. पाण्याला ओढ चांगली होती. तरी नाव अशी सरळ आली की जणू कुणी दोरीनं ओढून घेतंय. गडी तंबाखू चघळत होता, त्याला घाम पण नव्हता. श्रीपतरावांचा कप ओठाशीच राहिला.

"मार्तंड, घड्याळ काढ," ते म्हणाले. "पुढची खेप मोज."

मी मोजली. साहेबांनी आकडा दोनदा विचारला. मग म्हणाले, "ह्याला हैदराबादला न्यायचं."

हाच पुंजाराम. वय बावीस-तेवीस, खांदे दाराच्या चौकटीएवढे, बोलणं बेतानं. मोजमापाच्या कामाला त्याचीच नाव लावली. एकदा आम्ही मधोमध असताना पैलतीरावरून कुणीतरी हाळी दिली, "नावऽऽ येऊ द्याऽऽ हो!" पुंजारामनं लगेच हातातलं वल्हं पाण्याबाहेर काढून आभाळात सरळ उभं धरलं. सगळं पाणी माझ्या हजेरीपटावर.

"अरे बाबा, हे काय?" मी ओरडलो.

"ओ देल्ली," तो म्हणाला. "इतक्या लांब बोललेलं ऐकू जात न्हाई. वल्हं उभं दिसलं म्हंजी त्या माणसाला कळतं, आपली हाळी पोचली, नाव येऊन राह्यली. मंग तो निवांत बसतो."

म्हणून त्यांच्या घाटावरचे नावाडी नेहमी पुढं तोंड करून वल्हवायचे. वाट पाहणाऱ्याला नावाड्याचं तोंड दिसलं पाहिजे, हा तिथला रिवाज. हाळी आली की वल्हं उभं झालंच पाहिजे, मग हात मोडो. मला ते तेव्हा गमतीचं वाटलं. गंमत पुढं कुठवर जाणार होती, ते माहीत असतं तर मी तिथंच साहेबांना म्हटलं असतं, दुसरा गडी बघा.

हैदराबादचं विचारलं तेव्हा त्याची आई झुंबरबाई रडली, वस्ती कुरकुरली. पण पुंजाराम एका शब्दावर तयार झाला. नाव चुलतभाऊ बद्रीनाथच्या हवाली केली आणि आमच्या ट्रकमध्ये येऊन बसला. मला नवल वाटलं. मासा पाणी सोडून इतक्या जल्दी निघतो का कुठं? पण मी विचारलं नाही, तोही बोलला नाही.

क्लबात पहिलीच अडचण निघाली. पोटासाठी वल्हवणाऱ्या माणसाला शर्यतीत बसवायचं नाही, असा त्यांचा नियम. शौकीन लोकांचा खेळ तो! माझ्या डोक्यात तिडीक गेली. ज्याला वल्हवता येतं त्यानं काठावर बसायचं आणि ज्यांना येत नाही त्यांनी शर्यत मारायची? श्रीपतरावांनी त्याला खात्यात चपराशी म्हणून लावून घेतलं. कागद मीच लिहिला, आणि अक्षर मुद्दाम चांगलं काढलं.

दुसरी अडचण खुद्द पुंजाराम. शर्यतीची होडी म्हणजे शेवग्याच्या शेंगेसारखी, लांबलचक आणि हातभर रुंद. बसायची फळी मागंपुढं सरकते. चौघांनी पाठमोरं बसायचं आणि एका दमात ओढायचं. हे ऐकून पुंजाराम उठूनच उभा राहिला.

"पैलतीराला पाठ? हे कसलं वल्हवणं, साहेब?"

"असंच असतं ते. पाठ करून ओढलं की अंगाचं सगळं बळ लागतं," श्रीपतराव म्हणाले.

"आन् म्होरं कोन बघनार?"

"मी बघणार," मी छाती काढून म्हणालो. त्यानं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. पाहायला फार वेळ लागला नाही.

सहा महिने तो मान वळवून वळवून मागं बघायचा. दर वेळी होडी डगमगायची, दर वेळी मी शिव्या घालायचो. त्याच्या मागं कासिम बसायचा, आमच्याच खात्यातला नकाशे काढणारा, भारी मिस्कील. तो म्हणायचा, "पुंजारामभाई, मेरा मूँ इतना खूबसूरत है क्या, हर घडी देखने का?" हळूहळू मान थांबली. आणि ती थांबली तेव्हा आम्हाला कळलं, काय माणूस हाती लागलाय. त्याचं वल्हं पाण्यात शिरताना आवाज होत नसे. होडी पुढं उडी मारायची, आणि माझं डोकं मागं जायचं. एक्कावन सालात आम्ही हैदराबादेतल्या तीन शर्यती मारल्या. बावन सालच्या जानेवारीत देशभरातून आठ क्लब आमच्या तलावावर येणार होते. एवढा मोठा चषक तिथल्या कुणी हातात घेतला नव्हता. श्रीपतराव झोपेत सुद्धा त्याचं नाव घेत असावेत.

त्या शर्यतीत आम्ही पुढं होतो. नुसतं पुढं नाही, अख्ख्या होडीनं पुढं! शेवटाची निशाणं मला दिसत होती. तलावाच्या बांधावर जत्रा भरल्यासारखी माणसं. आणि त्या गर्दीतून कुणीतरी, आपल्या हरवलेल्या माणसाला असेल, नाहीतर पाणीवाल्याला असेल, लांब सूर काढून हाक मारली, "ओऽऽ होऽऽ!"

पुंजारामनं वल्हं आभाळात उभं केलं.

होडी गर्रकन फिरली. कासिमचं वल्हं पुंजारामच्या पाठीत बसलं, मागच्या दोघांची एकमेकांत अडकली. आम्ही पाण्यावर पाचोळ्यासारखे पडून राहिलो आणि एकामागून एक तीन होड्या पुढं निघून गेल्या. बांधावर लोक पोट धरून हसत होते. मी काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. पुंजाराम वल्हं उभं धरून तसाच बसला होता. त्याच्या डोळ्यांत भीती होती. लाज नव्हती, भीती होती. रागाच्या भरात मला ते तेव्हा समजलं नाही.

श्रीपतरावांनी त्याला त्याच संध्याकाळी होडीतून काढलं. "तू चपराशीच राहा," म्हणाले. पुंजारामनं मान खाली घातली आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या खोलीवर गेलो. समाचार घ्यायला गेलो होतो, खोटं कशाला बोलू. आदल्या दिवशी तोंडात राहिलेलं बरंच शिल्लक होतं. तो भाकरी थापत होता. मी सुरू होण्याआधी तोच बोलला.

"मार्तंडराव, अठ्ठेचाळीसचा भादवा व्हता. पोलीस अ‍ॅक्शनच्या आधीचा हप्ता. रझाकार येऊन राह्यले, नावा जाळून राह्यले, रोज एक खबर. दिवस कलला आन् पैलतीरावरून हाळी आली. गंगा भरून चालल्ती, माणूस वळखू येईना. म्या वल्हं उभं केलं न्हाई. नाव लव्हाळ्यात वढली आन् तितंच दडून बसलो. तीनदा हाळी आली. चौथ्यांदा आवाज बाईचा वाटला. म्या कान झाकले."

"कोण होतं?"

"तुळजाबाई. माझी थोरली भईन. दिवस भरलेली." त्यानं भाकरी तव्यावर टाकली. "पल्याड तिचं सासर. तिकडचं गाव उठून चाल्लं, म्हणून दाजी तिला गाडीत घालून माहेराला घेऊन आल्ते. सुईण इकडं, आमच्या वस्तीवर. सकाळी उजाडल्यावर गेलो. लेकरू वाळूतच झाल्तं. आन् गेल्तं."

मी उभा होतो तो त्याच्या चुलीशी खाली बसलो.

"ती वाचली," तो म्हणाला. "मला एक शब्द बोल्ली न्हाई. दाजीला म्हणली, गाडी वळवा. तवापासून माझ्या नावंत तिनं पाय ठेवला न्हाई. माहेर तोडलं. मंग म्या गंगेत उभं राहून शपथ घेतली. हाळी आली आन् म्या ओ देल्ली न्हाई, असं आता व्हनार न्हाई. कोन हाय, कामून हाय, इचारायचं न्हाई. काल हात माझा न्हवता, मार्तंडराव. मला ठावकं हाय ती शर्यत व्हती. हाताला ठावकं न्हाई."

तव्यावरची भाकरी करपली, आम्हा दोघांच्या ध्यानात आलं नाही. मग ती करपलेली भाकरी आम्ही अर्धी अर्धी खाल्ली. घाट सोडून तो इतक्या जल्दी का निघाला होता, ते मला तेव्हा कळलं. रोज तो पैलतीर समोर दिसायचा त्याला.

त्यानंतर मी श्रीपतरावांच्या मागं लागलो. ते ऐकेनात. त्रेपन सालची शर्यत त्यांनी दुसरा गडी बसवून खेळली, आणि आम्ही असे हरलो की सातवे आलो का आठवे ह्यावर पंचांत वाद झाला. तेव्हा कुठं साहेब म्हणाले, "घेऊन ये त्याला. पण हा शेवटचा मोका. पुन्हा वल्हं वर गेलं तर क्लबाच्या फाटकात सुद्धा पाय ठेवायचा नाही, त्यानं आणि तू पण."

आता उपाय काढायची जबाबदारी माझ्यावर. पहिला उपाय कापूस. जालन्याच्या माणसाला कापसाचा काय तोटा! दोन बोळे केले, त्याच्या कानांत कोंबले. त्याला हाळी ऐकू येईना हे खरं, पण माझंही ऐकू येईना. मी म्हणतोय थांब, तो ओढतोय. होडी कमळाच्या वेलांत घुसली. कासिम कपाळावर हात मारून म्हणाला, "मार्तंडभाई, रुई इसके कान में नक्को, तुमारे मूँ में ठूसो!"

मी रुसून दोन दिवस तलावावर गेलो नाही. तिसऱ्या दिवशी दाढी करता करता मला सुचलं, आणि तसाच अर्धी दाढी घेऊन त्याच्याकडं पळालो.

"पुंजाराम, होडीत पैलतीराकडं तोंड कुणाचं असतं?"

"तुमचं."

"मग हाळीला ओ मी देणार. तुझ्या वतीनं. हाळी आली की मी हात वर करीन. तू माझ्या हाताकडं बघायचं आणि ओढायचं. ओ गेली की नाही?"

तो हसला नाही. विचार करतो म्हणाला. दोन दिवस केला. मग माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

"ओ देल्ली म्हंजी जावं लागतं, मार्तंडराव. नुसता हात वर करून कसं भागन?"

ह्याला आता काय म्हणावं? "जाऊ," मी म्हणालो. "शर्यत संपली की होडी घेऊन जाऊ. ज्यानं हाळी दिली त्याच्यापर्यंत जाऊ."

"वचन?"

"बिलकुल वचन."

वचन देताना मनात म्हटलं, कोण येतंय हाळी द्यायला!

चौपन सालचा जानेवारी. बावन सालचं प्रकरण आठही क्लबांत गाजलेलं. आम्ही होडीत बसायला निघालो तर बांधावरची पोरं जोडलेले हात वर धरून उभं वल्हं करून दाखवत होती. पुंजाराम फळीवर बसताना एवढंच म्हणाला, "हात ध्यानात ठिवा."

शर्यत सुरू झाली. पाहुण्यांची एक होडी पहिल्यापासून आमच्या बरोबरीनं चालली. निम्मं अंतर गेलं, तरी ती हटेना. शेवटच्या दोनशे यार्डांत ती आमच्या अर्धी होडी पुढं होती. पुंजारामच्या मानेच्या शिरा टरारल्या होत्या. मी घसा फोडून मोजत होतो. आणि तेवढ्यात बांधावरून, आमच्या अगदी बाजूनं, खणखणीत आवाज आला, "ओऽऽ नाववालेऽऽ! नाव येऊ द्याऽऽ!"

मुद्दाम मारलेली हाळी होती ती. शंकाच नको.

मी पुंजारामचं मनगट पाहिलं. वल्हं पाण्याबाहेर आलं आणि नेहमीपेक्षा चार बोटं वर गेलं. त्याचे डोळे माझ्यावर. सुकाणूच्या दोन दोऱ्या माझ्या दोन हातांत. एक सोडली तर होडी वाकडी जाणार. मी डावी दोरी दातांत धरली आणि डावा हात आभाळात उभा केला, बोटं ताठ करून, जेवढा माझा हात लांब आहे तेवढा.

पुंजारामनं पाहिलं. वल्हं पाण्यात गेलं.

मग जे झालं ते मी शब्दांत कसं सांगू? तोंडात दोरी, मोजायला मी नाही. आयुष्यात पहिल्यांदाच गप्प बसलो होतो आणि ते सुद्धा तेव्हा! पण मोजायची गरज राहिली नव्हती. पुंजाराम ओढत होता आणि मागचे तिघं त्याच्या पाठीला चिकटल्यासारखे त्याच्याबरोबर. ती दुसरी होडी माझ्या खांद्याशी आली, मग मागं सरकली, मग दिसेनाशी झाली. निशाणं गेली. बंदुकीचा बार ऐकला. आम्ही हातभर फरकानं जिंकलो होतो.

मी हात अजून वरच धरला होता. कासिम रडत होता, हसत होता, पाणी उडवत होता. धक्क्यावर श्रीपतराव टोपी फिरवत नाचत होते. पाहुणे, हार, चषक, सगळं मांडून तयार. मी होडी धक्क्याकडं वळवायला लागलो.

"मार्तंडराव," पुंजाराम धापा टाकत म्हणाला, "तिकडं न्हाई."

"अरे, आता?"

"वचन देल्लं तुम्ही."

मी त्याच्याकडं पाहिलं आणि होडी बांधाकडं वळवली. कासिम ओरडला, "अब किधर?" मी म्हटलं, "हाळी आली होती, ऐकली नाहीस? ओढ."

धक्क्यावर श्रीपतराव हातवारे करत काहीतरी ओरडत होते. ते मी मुद्दाम पाहिलं नाही. बांधाशी गेलो. हाळी मारणारा एक कॉलेजकुमार होता, कोट-बूट घातलेला, बोलण्यावरून आपल्याकडचाच. आम्हाला येताना पाहून त्याचे दोस्त पसार झाले. तो मात्र जागेवर खिळला, तोंड पांढरंफटक. त्याला वाटलं, आता वल्ह्यानं बडवतात. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं आणि त्यात वाईट काही दिसत नव्हतं.

पुंजाराम होडीतूनच म्हणाला, "हाळी तुमची व्हती ना? कुठं जायाचंय?"

पोरगा आमच्या वल्ह्यांकडंच बघत होता.

"पल्याड जायाचं असन तं सांगा. या होडीत जागा न्हाई, पर दुसरी आनू."

चिडवून म्हणाला असता तर पोरानं सहन केलं असतं. पण पुंजाराम मनापासून विचारत होता. पोराचे डोळे भरले. "मला कुठंच जायचं नाही," तो म्हणाला. "चुकलं माझं."

"चुकलं कामून? हाळी आली, आमी आलो. येतो मंग." आणि माझ्याकडं वळून, "चला मार्तंडराव, साहेब वाट बघत असतेन."

चषक आम्ही अर्धा तास उशिरा घेतला. श्रीपतराव आधी इतके चिडले होते की हार त्यांच्या हातात चुरगळला होता. मी त्यांना सगळं सांगितलं, तुळजाबाईसकट. मग तोच चुरगळलेला हार त्यांनी पुंजारामच्या गळ्यात घातला.

पुढची दोन वर्षं आमची होती. पंचावन आणि छप्पनलाही तो चषक आम्हीच घेतला. कलकत्त्याला गेलो, मद्रासला गेलो. कलकत्त्याच्या पेपरात पुंजारामचं नाव तीन तऱ्हांनी छापून आलं आणि तिन्ही चुकीच्या. जिथं जाऊ तिथं जाणती माणसं धक्क्यावर येऊन त्याचे हात बघायची. आणि जिथं जिथं काठावरून हाळी आली, तिथं तिथं मी हात वर केला आणि शर्यतीनंतर आम्ही गेलो. मद्रासला एका म्हातारीला खरंच पलीकडं जायचं होतं. सोडून आलो.

मग छप्पनच्या शेवटाला राज्यं वेगळी झाली. हैदराबाद तिकडं गेलं, आपण मुंबई राज्यात आलो. खात्याची वाटणी झाली तशी होडीचीही झाली. कासिम तिथंच राहिला, श्रीपतराव मुंबईला, मी बदली होऊन जालन्याला. श्रीपतरावांनी पुंजारामसाठी मुंबईच्या एका क्लबात जागा बघितली होती, पोरांना शिकवायला. चांगली जागा. पुंजाराम नको म्हणाला. हैदराबादच्या काचीगुडा स्टेशनाहून आम्ही एकाच गाडीनं निघालो. रात्रभर मी त्याला समजावलं, रागावलो, हात जोडले. परतूरला उतरताना तो एवढंच म्हणाला, "एक ओ द्यायची राह्यलीय, मार्तंडराव."

तीन वर्षं गेली. माझी नोकरी, लेकरं, माझं ओरडणं, सगळं ठीक चाललं होतं. ह्या साली, साठच्या माघात, खात्याला त्या पुलाची पुन्हा आठवण झाली. दहा वर्षं पूल कागदावरच वाहून चालला होता. मला बीडच्या बाजूनं कागद घेऊन गंगेवर जायचं काम आलं. मोटारीतून उतरून तीन कोस चाललो आणि दुपारी पैलतीरावर येऊन उभा राहिलो. समोर तीच वस्ती, तोच उतार. वस्तीच्या काठाला नाव बांधलेली दिसत होती. आता हाळी मी देणार होतो आणि वल्हं उभं होणार होतं. ज्या वल्ह्यापायी मी त्याला एकेकाळी लाखोली वाहिली, ते बघायला मी तीन कोस चालत आलो होतो.

"नावऽऽ येऊ द्याऽऽ हो!"

वल्हं उभं झालं नाही.

पुन्हा हाळी दिली. नाव काठापासून निघाली, पण वल्हं उभं नाही. आणि बघतो तर काय, वल्हवणारा माझ्याकडं पाठ करून बसलेला! माझं डोकं फिरलं. पुंजारामच्या घाटावर हाळीला ओ नाही? पैलतीराला पाठ? म्हटलं हा बद्रीनाथ असणार, नाहीतर कुणीतरी नवा माजोरी गडी. येऊ दे काठाला, ह्याला चांगला फैलावर घेतो.

पण नाव फार भराभर येत होती. दोन लांब वल्ही एका दमात पाण्यात जात होती, आवाज न करता. ती पाठ मी कधी पाहिली नव्हती. मी तर पाच वर्षं तोंडच पाहिलं होतं. तरी ओढ ओळखली.

आणि मग नावेच्या मागच्या टोकाला, सुकाणूवर, कुणीतरी बसलेलं दिसलं. हिरवं लुगडं. माझ्याकडं तोंड करून. त्या बाईनं माझ्याकडं नीट पाहिलं, आणि एक हात आभाळात सरळ उभा केला, बोटं ताठ करून.

निघतानाही हा हात वर गेला असणार, मी वल्हंच शोधत राहिलो होतो. मी वाळूत खाली बसलो. मला रडू आलं. हो, आलं, कुणाला काय म्हणायचं ते म्हणा.

नाव काठाला लागली. पुंजारामनं मागं वळून पाहिलं आणि त्याचं तोंड उजळलं. "मार्तंडराव! म्हणलं आवाज वळखीचा वाटून राह्यला." मग त्या बाईला म्हणाला, "ताई, हे आमचे सुकाणूवाले."

तुळजाबाईनं मला नखशिखांत पाहिलं. "येवढेच?" ती म्हणाली. पुंजाराम खो खो हसला. त्याला असं हसताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

मी नावेत तिच्याजवळ बसलो, ती सुकाणूवर, तो वस्तीकडं पाठ करून. नाव निघाली. मी तिला हळूच विचारलं, कसं जमलं हे.

"आला तवा रोज पल्याड यायचा," ती म्हणाली. "माझ्या दारात बसायचा. तीन म्हयने. म्या बोल्ले न्हाई. येक दिवस म्हणला, ताई, मी आता पाठ फिरवून वल्हवतो, त्याच्यानं नाव जल्दी जाते. पर म्होरं बघायला मानूस पाहिजे. तुझ्याबिगर दुसरं चालनार न्हाई. पल्याडच्या मानसाला कसं वाटतं, ते तुला येकलीला ठावकं."

"मग?"

"म्या म्हणलं, येते. पर म्या हात वर केला की तू निघायचं. कोन हाय ते इचारायचं न्हाई." तिनं सुकाणू जरा वळवलं. "लोक लई बोल्ले, बाईमानूस सुकाणूवर म्हणून. बोलू द्या."

"आणि विचारतो का तो?"

"आजपोतर येकदाबी न्हाई."

आम्ही मधोमध आलो होतो. ऐलतीरावरून, पुंजारामच्या पाठीमागून, कुणीतरी हाळी दिली. बारीक आवाज होता, बाईचा का लेकराचा, मला कळलं नाही. तुळजाबाईनं मान उंच करून पाहिलं आणि हात वर केला.

पुंजारामनं मान वळवली नाही. त्यानं बहिणीच्या हाताकडं पाहिलं आणि वल्ही आणखी लांब टाकली.